वाऱ्यात न डगमगणारा पिकअप : कॅम्पर ओढण्यासाठी ट्रक कसा निवडावा

अमेरिकेत कॅम्पर ओढायला पिकअप घ्यायचं ठरलं, की शोरूममध्ये पहिला आकडा कानावर पडतो तो ओढण्याच्या क्षमतेचा. "हा अकरा हजार पौंड ओढतो, तुमचा कॅम्पर तर सातच हजारांचा आहे, काळजीच नको." आकडा खरा असतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक मिळून तेवढं वजन चढावर नेऊ शकतात आणि थांबवू शकतात, एवढं तो सांगतो. पण वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्सच्या मध्ये, आय-८० वर, आडवा वारा सुटला की स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाच्या हातांना काय सोसावं लागेल, ते त्या आकड्यात नसतं.

आम्ही कॅम्पर घेतला तेव्हा मराठीत या विषयावर काहीच वाचायला मिळालं नव्हतं. इंग्रजीत होतं ते बहुतेक हॉर्सपॉवर आणि टॉर्कबद्दल. आता बरेच मराठी लोक कॅम्परकडे वळताहेत आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून सगळं एका जागी, ज्या क्रमाने करायला हवं त्याच क्रमाने लिहिते आहे. वाऱ्यातली स्थिरता मुख्यतः चार गोष्टींवर ठरते : ट्रकचं स्वतःचं वजन, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), टायर आणि हिचची, म्हणजे ट्रक-कॅम्पर जोडणाऱ्या यंत्रणेची, जुळवणी. इंजिनाची ताकद त्यानंतर येते.

१. आधी कॅम्पर ठरवा, मग ट्रक

ट्रक आवडला म्हणून आधी घेतला, की मग त्याला पेलेल असा कॅम्पर शोधणं सुरू होतं. आणि कॅम्परच्या दुकानात "हा फक्त दोनच फूट मोठा आहे" हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. म्हणून निदान कॅम्परचा नमुना आणि आकार तरी आधी पक्का करा.

कॅम्परचे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. पहिला जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे पाणी आणि सामानासकट त्याचं कमाल वजन. दुसरा एकूण लांबी आणि तिसरा उंची. जाहिरातीत ठळक छापलेलं 'ड्राय वेट' बाजूला ठेवा. त्यात पाणी नसतं, तुमचं सामान नसतं, डीलरने नंतर बसवलेल्या वस्तू नसतात. नुसतं पाणी घ्या : एक गॅलन ८.३४ पौंडांचं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड वाढले. भांडीकुंडी, अंथरुणं, खुर्च्या, सायकली यांचं वजन त्यावर. हिशोब कायम जीव्हीडब्ल्यूआरवरच करा.

लांबी-उंची कशासाठी, ते वाऱ्याच्या गणितातून कळेल. पंचवीस फूट लांब आणि साडेआठ फूट उंच भिंतीचं क्षेत्रफळ दोनशे चौरस फुटांहून थोडं जास्त होतं. ताशी ३० मैलांचा वारा त्या भिंतीवर काटकोनात आदळला, तर ढोबळमानाने पावणेपाचशे पौंडांचा रेटा बसतो. वारा ४५ मैलांचा झाला की तोच रेटा हजार पौंडांच्या वर जातो. वेग दीडपट झाला, रेटा सव्वादोनपट, कारण रेटा वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय तुमचा स्वतःचा वेग त्यात मिसळतो. ताशी ७० मैलांनी जाताना लागणारा आडवा धक्का ५५ ने जाताना लागणाऱ्या धक्क्यापेक्षा मोठा असतो, वारा तोच असला तरी. हे लक्षात राहिलं तर पुढची निम्मी निवड सोपी होते. वीस-बावीस फुटांच्या, कमी उंचीच्या, पुढून गोलसर कॅम्परला साधा ट्रक सहज सांभाळतो. तीस फुटी, उंच, चौकोनी खोक्यासारख्या कॅम्परला मात्र खरोखरीच भारी ट्रक लागतो.

२. दाराच्या चौकटीवरचं पिवळं लेबल वाचा

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं टायर आणि भाराचं लेबल असतं. प्रवासी आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त भार टाकू नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा त्या विशिष्ट ट्रकचा पेलोड. एकाच मॉडेलचे दोन ट्रक शेजारी उभे असले तरी हा आकडा वेगळा असू शकतो, कारण काचेचं मोठं छप्पर, चारचाकी ड्राइव्ह, जड सीट, विजेवर चालणाऱ्या पायऱ्या, सगळं त्यातूनच वजा होतं. सर्वांत महागडा, सर्वांत आलिशान हाफ टन ट्रक (फोर्ड एफ-१५० सारख्या हलक्या वर्गातला) पुष्कळदा सर्वांत कमी भार पेलणारा निघतो तो यामुळेच.

हिशोब असा करायचा. समजा कॅम्परचा जीव्हीडब्ल्यूआर ७,००० पौंड आहे. त्याच्या पुढच्या टोकाचा जो भार हिचच्या गोळ्यावर येतो, त्याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरला, म्हणजे असा गोळ्यावर जोडायच्या कॅम्परला, तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. मधला १३ टक्के धरला तर ९१० पौंड.

- टंग वेट : ९१०
- चौघांचं कुटुंब : ६००
- वजन विभागणारी हिच : १००
- ट्रकच्या मागच्या हौद्यातलं सामान : २००

बेरीज १,८१० पौंड. आता लेबल बघा. भरपूर सोयी असलेल्या चार दारी हाफ टन ट्रकवर १,३०० ते १,६०० च्या दरम्यानचे आकडे नेहमी दिसतात. म्हणजे 'अकरा हजार ओढणारा' ट्रक तुमचा सात हजारांचा कॅम्पर नियमात बसवून ओढू शकत नाही. ओढण्याचा आकडा काढण्याची एसएई जे-२८०७ ही पद्धत आहे. त्यात अॅरिझोनातल्या बुलहेड सिटीजवळच्या डेव्हिस डॅमच्या लांब चढाची कसोटी धरलेली असते. पण त्या पद्धतीत ट्रकमध्ये दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसं बसलेली असतात. तुमची मुलं, कुत्रा, लाकडं, जनरेटर त्यात कोणीच धरलेलं नाही.

हे गणित वाऱ्याच्या लेखात का, तर मागचा ॲक्सल त्याच्या मर्यादेपर्यंत दबला की पुढची चाकं हलकी होतात. हलक्या पुढच्या चाकांनी वाऱ्यात ट्रक सरळ ठेवणं म्हणजे सतत झगडा.

दोन लेबलं आणखी तपासा : त्याच चौकटीवरचा मागच्या ॲक्सलचा कमाल भार, आणि खाली वाकून हिच रिसीव्हरवर (हिच ज्यात बसते त्या ट्रकखालच्या चौकोनी नळीवर) चिकटवलेलं लेबल. रिसीव्हरवर बहुधा दोन वेगवेगळे आकडे असतात, साध्या गोळ्यासाठी एक आणि वजन विभागणाऱ्या हिचसाठी दुसरा, मोठा. विक्रेता सांगतो तो दुसरा.

एक सापळा : "मागे एअर बॅग बसवा, पेलोड वाढेल." एअर बॅगने, म्हणजे मागच्या स्प्रिंगजवळ बसवायच्या हवेच्या फुग्याने, ट्रकची मागची बाजू वर उचलली जाते आणि झोल कमी होतो, एवढंच. लेबलावरचा आकडा त्याने एका पौंडानेही वाढत नाही.

३. व्हीलबेस मोजा, आणि मागचं अंतरही

वारा कॅम्परच्या भिंतीला ढकलतो. कॅम्पर हिचच्या गोळ्यातून ट्रकच्या शेपटीला ढकलतो. गोळा मागच्या ॲक्सलच्या जितका मागे, तितका तो धक्का ट्रकचं तोंड फिरवायला जास्त जोर लावतो. आणि पुढची चाकं मागच्या चाकांपासून जितकी लांब, तितकं ते फिरणं रोखणं सोपं. म्हणून लांब व्हीलबेस आणि ॲक्सलपासून गोळ्यापर्यंतचं कमी अंतर, ही जोडी शोधायची.

सध्याच्या ट्रकांचे अंदाजे आकडे देते. फोर्ड एफ-१५० चार दारी, साडेपाच फुटी हौदा : १४५ इंच. तोच साडेसहा फुटी हौद्यासह : १५७ इंच. रॅम १५०० मध्ये हेच दोन आकडे १४४ आणि १५३ च्या थोडे वर. टोयोटा टंड्रा क्रूमॅक्स १४५ आणि १५७ च्या पुढे. फोर्ड एफ-२५० चार दारी, आखूड हौद्यासह, जवळजवळ १६० इंच. शेव्हरोले सिल्व्हराडो २५०० त्याच्याच जवळपास. रॅम २५०० चार दारी, आखूड हौद्याचा मात्र १४९ च्या आसपासच. टोयोटा टकोमासारखे मध्यम ट्रक १३० च्या अलीकडे-पलीकडे.

माझं स्पष्ट मत : हाफ टन घेणार असाल तर साडेसहा फुटी हौद्याचाच घ्या. दहा-बारा इंचांनी जास्त लांब व्हीलबेसचा फरक स्टिअरिंगवर पहिल्याच वादळी दुपारी जाणवतो. पार्किंगला त्रास होतो, वळायला जास्त जागा लागते, आणि शोरूममध्ये तो आयता उभा नसतो. तरीही थांबा, मागवून घ्या.

कॅम्पर ओढणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो : ११० इंच व्हीलबेसला वीस फुटी ट्रेलर, आणि पुढच्या दर चार इंचांना आणखी एक फूट. त्या हिशोबाने १४५ इंचांना साधारण अठ्ठावीस फूट येतात. हा नियम नाही, त्यात वजनाचा विचारच नाही. मी तो कमाल मर्यादा म्हणून वापरते. पश्चिमेकडच्या मोकळ्या मैदानांतून जायचं असेल तर त्यातून तीन-चार फूट वजा करते.

४. हाफ टन की थ्री-क्वार्टर टन?

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. ही निवड चुकली तर पुढे हिच, टायर, काहीही बदललं तरी पुरत नाही.

हाफ टन ट्रक, म्हणजे एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हराडो १५००, टंड्रा, आज खरोखर मोटारीसारखे आरामदायी आहेत. रॅम १५०० ला २००९ पासून मागे पाट्यांऐवजी (लीफ स्प्रिंगऐवजी) कॉइल स्प्रिंग आहे, वर एअर सस्पेन्शनही घेता येतं. टंड्रालाही २०२२ पासून मागे कॉइल आहे. एफ-१५० आणि सिल्व्हराडोला अजून मागे पाटेच आहेत. रिकाम्या ट्रकमध्ये कॉइलचा आराम निर्विवाद. पण तोच मऊपणा हजार पौंड मागे टेकवल्यावर बाजूला झुकण्यात दिसतो. म्हणून हाफ टनात आरामाची परीक्षा रिकाम्या ट्रकवर घेऊन काही कळत नाही.

थ्री-क्वार्टर टन ट्रक, म्हणजे एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हराडो २५०० या भारी वर्गातला, रिकामा असताना कडक वाटतो. खड्ड्यात दणका देतो, रस्त्याच्या सांध्यांवर ठकठक करतो. पण मागे कॅम्पर जोडला की तो शांत बसतो, कारण स्प्रिंग त्याच भारासाठी बनलेली असते. त्याचं स्वतःचं वजन हाफ टनपेक्षा सहज हजार-दीड हजार पौंडांनी जास्त असतं, टायरच्या भिंती कडक असतात, ब्रेक मोठे असतात. वाऱ्याचा झोत आला की कॅम्पर आधी या वजनावर येऊन आदळतो. जड ट्रक कमी हलतो, आणि कमी हललेला ट्रक चालवायला कमी दुरुस्त्या लागतात.

म्हणून 'आरामदायी' याचा अर्थ इथे जरा वेगळा धरा. दिवसभर आडव्या वाऱ्यात चालवताना मऊ सीटपेक्षा हात किती वेळा स्टिअरिंग ठीक करतात, यावर थकवा ठरतो. संध्याकाळी खांदे आखडले असतील तर सीटला मसाजची सोय असून काही उपयोग नाही.

स्टिअरिंगचाही फरक आहे. हाफ टन ट्रकांना रॅक-आणि-पिनियन स्टिअरिंग असतं, नेमकं आणि चटकन प्रतिसाद देणारं. भारी ट्रकांना रिसर्क्युलेटिंग बॉल प्रकारचं, मध्यभागी थोडं सैल वाटणारं. पहिले काही तास हे सैलपण भीतीदायक वाटतं आणि लोक उगीच स्टिअरिंग डावी-उजवीकडे करत राहतात. हात सैल ठेवा, नजर लांब ठेवा, थोड्या वेळात अंगवळणी पडतं. पण जुन्या ट्रकमध्ये सैलपण जास्तच असेल तर ते झिजलेल्या जोडांमुळेही असू शकतं. घेण्याआधी मेकॅनिककडून पुढची बाजू तपासून घ्या.

डिझेलबद्दल. चढावर डिझेलसारखं सुख नाही आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्याच जोरावर वेग रोखणारा) अनमोल असतो. पण डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा शेकडो पौंडांनी जड असतं आणि ते वजन पेलोडमधून जातं. थ्री-क्वार्टर टनचे कित्येक ट्रक १०,००० पौंडांच्या जीव्हीडब्ल्यूआरवर बांधलेले असतात. त्यात डिझेल घेतलं की पेलोड दोन हजारांच्या थोडा वर एवढाच उरतो, तर पेट्रोलवाल्याचा तीन हजारांच्या आसपास असतो. ट्रॅव्हल ट्रेलरला दोन्ही चालतात. फिफ्थ व्हील (हौद्यातल्या जोडणीवर टेकणारा कॅम्पर) घेणार असाल तर लेबल वाचल्याशिवाय डिझेलच्या मोहात पडू नका. मोठ्या फिफ्थ व्हीलला वन टन, आणि फारच मोठा असेल तर मागे चार चाकांचा ड्युअली. आडव्या वाऱ्यात ड्युअलीइतकं स्थिर काहीच नाही.

मध्यम ट्रकांविषयी थोडक्यात : टकोमा, कोलोराडो, रेंजर हे सोळा-अठरा फुटी हलक्या कॅम्परसाठी चांगले. त्याहून मोठ्या कॅम्परला त्यांचा व्हीलबेस आणि वजन दोन्ही अपुरं.

उंच केलेला, मोठी चाकं बसवलेला वापरलेला ट्रक स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. त्याचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो, स्टिअरिंगची मूळ भूमिती बदललेली असते, आणि हिच जमिनीपासून इतकी वर जाते की कॅम्पर सपाट जोडणं कठीण होतं.

५. टायर

खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा फरक इथे पडतो. हाफ टनवर पुष्कळदा मोटारीच्या जातीचे टायर येतात, ज्यांच्या बाजूच्या भिंती मऊ असतात. वाऱ्याच्या झोताने ट्रक त्या भिंतींवर डुलतो आणि चालवणाऱ्याला वाटतं कॅम्परच हलतोय. एलटी (लाइट ट्रक) प्रकारचे टायर बसवले की हे डुलणं बरंच कमी होतं. रिकाम्या ट्रकचा आराम थोडा जातो, पण मला तो सौदा मान्य आहे.

हवा सकाळी, चाकं थंड असताना भरा. किती, ते दाराच्या लेबलावर आणि मॅन्युअलमध्ये असतं. टायरच्या भिंतीवर छापलेला दाब हा टायरची कमाल क्षमता सांगतो. मूळ प्रकार बदलून एलटी बसवले असतील तर योग्य दाब टायर कंपनीच्या भार-तक्त्यातून काढावा लागतो.

कॅम्परच्या टायरांवर एसटी (स्पेशल ट्रेलर) असं लिहिलेलं असतं. त्यांची वेगमर्यादा भिंतीवर बघा. ती कितीतरी टायरांवर ताशी ६५ मैलच असते. भिंतीवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते सांगतात. वापरलेल्या कॅम्परचे टायर खोल नक्षीचे आणि काळेभोर दिसत असले तरी हे अंक वाचाच.

६. हिच आणि भाराची मांडणी

बैलगाडी उलाळ झाली, म्हणजे मागे भार जास्त झाला, की जू वर उचललं जातं आणि गाडी हातात राहत नाही. कॅम्परचं तसंच आहे. टंग वेट दहा टक्क्यांच्या खाली गेलं की तो शेपटी हलवायला लागतो, आणि वाऱ्याचा एक झोत त्याला पुरतो. जड सामान ॲक्सलच्या थोडं पुढे, खाली ठेवा. मागच्या बंपरवर चार सायकली लटकवणं सर्वांत वाईट. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघा. ती ॲक्सलच्या मागे असेल तर भरलेली टाकी टंग वेट कमी करते.

पाच हजार पौंडांच्या वरच्या कॅम्परला वजन विभागणारी आणि डुलणं रोखणारी हिच घ्याच. त्यातल्या स्प्रिंग बार मागचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा कॅम्परच्या चाकांवर ढकलतात. इक्वलायझर, ब्लू ऑक्स, रीझ ही बाजारातली नेहमीची नावं. हेन्सली आणि प्रोप्राइडच्या हिच वेगळ्या रचनेच्या आहेत. त्यांची जोडणी अशी असते, की कॅम्परला बाजूने रेटा बसला तरी तो ट्रकच्या शेपटीभोवती सहज फिरू शकत नाही. किंमत काही हजार डॉलरमध्ये जाते. अठ्ठावीस-तीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन सतत वाऱ्याच्या प्रदेशात फिरणार असाल तर तो पैसा वाया जात नाही. पण छोट्या ट्रकला मोठा कॅम्पर जोडून वर ही हिच लावणं हा मार्ग नव्हे. भाराच्या मर्यादा तशाच राहतात.

फिफ्थ व्हीलचा भार थेट मागच्या ॲक्सलवर किंवा किंचित पुढे येतो, त्यामुळे मागचं अंतर शून्य होतं आणि डुलण्याची भीती जवळजवळ जाते. मोबदल्यात पिन वेट (ट्रकवर येणारा त्याचा भार) वजनाच्या २० ते २५ टक्के असतं आणि कॅम्पर बारा-तेरा फूट उंच.

७. ट्रक चालवून बघताना

सोबत न्या : मोजपट्टी, टॉर्च, कॅम्परच्या आकड्यांची वही, आणि घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागच्या सीटवर बसायला.

दाराची दोन्ही लेबलं आणि रिसीव्हरचं लेबल यांचे फोटो काढा. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यांवर निर्णय घेऊ नका. व्हीआयएनवरून (वाहनाच्या ओळख क्रमांकावरून) त्या ट्रकची मूळ यादी मागा. त्यात ॲक्सल रेशो आणि टोइंग पॅकेज असतं. कारखान्यातून आलेला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर (कॅम्परचे ब्रेक ट्रकमधून लावणारं उपकरण) डॅशबोर्डवर आहे का, त्याची पट्टी न बघता हाताला सापडते का, तेही तपासा. रुंद, बाहेर ओढता येणारे आरसे असावेत. कॅम्पर बहुधा आठ ते साडेआठ फूट रुंद असतो, साध्या आरशातून त्याच्या मागचं काही दिसत नाही.

शक्य असेल तर वाऱ्याचाच दिवस निवडा. हायवेवर ६५ ने चालवत मोठ्या ट्रकच्या शेजारून जा आणि पुलावरून जा. मधल्या मोकळ्या जागेत स्टिअरिंग किती ओढलं जातं ते बघा. शहरातल्या सिग्नलांमधली दहा मिनिटांची फेरी या कामाची नाही. निदान पाऊण तास बसा, कंबरेला आधार मिळतो का ते तेव्हाच कळतं.

८. काट्यावर वजन करा

ट्रक आणि कॅम्पर दोन्ही आले की, पहिल्या लांबच्या सफरीआधी, सगळं सामान आणि सगळी माणसं भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर जा. तिथे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी मिळतात. पहिल्या वजनानंतर चोवीस तासांच्या आत पुन्हा केलेल्या वजनाला बरेच कमी पैसे पडतात.

तीन वजनं करा. एक, कॅम्पर जोडून, स्प्रिंग बार लावून. दोन, कॅम्पर जोडलेलाच, बार सोडून. तीन, नुसता ट्रक. दुसऱ्यातल्या ट्रकच्या दोन्ही ॲक्सलची बेरीज वजा तिसऱ्यातली बेरीज, म्हणजे तुमचं खरं टंग वेट. पुढच्या ॲक्सलचा आकडा तिन्ही कागदांवर शेजारी मांडा. कॅम्पर जोडल्यावर तो किती कमी झाला आणि बार लावल्यावर किती परत आला, ते दिसेल. किती परत यायला हवा ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. परत आला नसेल तर बारचा ताण वाढवा किंवा हिचच्या डोक्याचा कोन बदला. बहुतेक लोकांचं "माझा ट्रक वाऱ्यात भरकटतो" हे दुखणं इथेच बरं होतं, त्यासाठी नवा ट्रक लागत नाही.

९. वारा सुटल्यावर

राष्ट्रीय हवामान सेवा साधारणपणे सतत ३१ ते ३९ मैलांचा वारा किंवा ४६ ते ५७ मैलांचे झोत अपेक्षित असतील तर विंड अॅडव्हायझरी देते. सतत ४० किंवा झोत ५८ च्या वर असतील तर हाय विंड वॉर्निंग. या दोन्हींपैकी काहीही लागू असेल तर कॅम्पर हलवू नका. माझी स्वतःची रेषा त्याहून अलीकडे आहे : आडवे झोत ३५ च्या वर दिसले की आम्ही थांबतो. सरळ समोरचा वारा इंधन खातो, आडवा वारा ट्रक हलवतो. म्हणून अंदाजात वेगाबरोबर दिशा वाचा आणि ती रस्त्याच्या दिशेशी ताडून बघा. आतल्या कोरड्या प्रदेशात सकाळी वारा कमी असतो, दुपारी वाढतो. पहाटे निघून दुपारी मुक्काम गाठणं हे चांगलं वेळापत्रक.

काही जागा आधीच नकाशावर खुणावून ठेवा : वायोमिंगचा आय-८०, विशेषतः एल्क माउंटनचा पट्टा, माँटानात लिव्हिंग्स्टनजवळचा आय-९०, ओरेगॉनच्या कोलंबिया नदीच्या घळीतला आय-८४, कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जजवळची सान गॉर्गोनियो खिंड, जिथे पवनचक्क्यांची रांगच उभी आहे. वायोमिंगमध्ये हलक्या आणि उंच वाहनांसाठी रस्ता बंद केल्याची सूचना लागते. तुमचा कॅम्पर त्यातच मोडतो. राज्यांच्या ५११ या रस्ते-माहिती सेवेवर हे कळतं. मिशिगनच्या मॅकिनॉ पुलावर जोराच्या वाऱ्यात उंच वाहनांना सोबतीची गाडी देऊन पार नेतात. सोबत मागायला संकोच नको.

चालवताना वेग ५५ च्या आसपास आणा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्याने तीच मर्यादा आहे. मोठा ट्रक शेजारून जाताना आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. लेनच्या मध्यापासून किंचित दूर सरकून त्याला जागा द्या.

आणि कॅम्पर डुलायला लागलाच तर :

- ट्रकचा ब्रेक दाबू नका, वेग वाढवू नका, स्टिअरिंगने त्याचा पाठलाग करू नका.
- ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा, स्टिअरिंग सरळ धरा.
- ब्रेक कंट्रोलरची पट्टी हाताने दाबून फक्त कॅम्परचे ब्रेक लावा. तो मागून ओढला जातो आणि सरळ होतो.
- थांबल्यावर भाराची मांडणी, टायर आणि हिच तपासल्याशिवाय पुढे निघू नका.

हे वाचून पाठ होत नाही. रिकाम्या रस्त्यावर, वारा नसताना, तीस मैलांच्या वेगाने ती पट्टी दाबून बघा. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने, नवरा-बायको दोघांनीही.

१०. कागदपत्रं

- दोन्ही वाहनांचं रजिस्ट्रेशन आणि टायटल.
- लायसन्स. बहुतेक ठिकाणी साधं चालतं, पण राज्यागणिक बघा. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांच्या वरच्या ट्रॅव्हल ट्रेलरला बिगर-व्यावसायिक क्लास ए लागतं.
- विमा. ट्रकची लायबिलिटी ओढताना बहुधा कॅम्परलाही लागू होते, पण कॅम्परच्या स्वतःच्या नुकसानीसाठी वेगळी पॉलिसी लागते. वाऱ्याने उलटल्यास भरपाई आहे का, हे विमा एजंटकडून लेखी घ्या.
- दाराच्या आणि रिसीव्हरच्या लेबलांचे फोटो, आणि कॅट स्केलच्या पावत्या. कॅम्परमध्ये काही जड वस्तू वाढवली की पुन्हा काट्यावर जायचं आणि नवी पावती जुनीवर टाचून ठेवायची.